नव्या जन्माची किंमत



माझ्यासारख्या कामगार चळवळीतल्या माणसाने या व्यासपीठावरून बोनस, किमान वेतन, हमालांचा कायदा अशा विषयांवर बोलावे, अशी आपली अपेक्षा असणार. मी विषय कळवला तेव्हा व्याख्यानमालेच्या तरुण चिटणीसांनी तो दोनदा वाचला आणि विचारले, "भाऊ, हा तुमचाच विषय ना?" विषय असा होता : ख्रिस्ती धर्मातील 'स्वतःला मरणे' आणि 'नव्याने जन्मणे'. प्रथमच सांगतो, की मी ख्रिस्ती नाही आणि कोणी व्हावे किंवा होऊ नये हे सांगण्यासाठी उभा राहिलेलो नाही. मी शास्त्री नाही, पंडित नाही. सातवीनंतर शाळा सुटली. पुढचे शिक्षण वाचनालयाच्या बाकावर झाले. परंतु हा विषय मला एका संपाने शिकवला आणि त्या संपाची हकीकत मी शेवटी सांगणार आहे. तोपर्यंत आपण थोडा इतिहास पाहू.

प्रारंभ आपल्या ओळखीच्या गोष्टीपासून करतो. आपल्या परतूर भागात पेरणी कोणाला समजावून सांगावी लागत नाही. कणगीतला दाणा सुरक्षित असतो. त्याला पाऊस लागत नाही, ऊन लागत नाही. पण तो एकटाच राहतो. पेरलेला दाणा मात्र मातीत जातो, फुगतो, फुटतो, त्याचे टरफल कुजते आणि आठ दिवसांनी उकरून पाहिले तर तो दाणा म्हणून सापडत नाही. त्याच्या जागी कोंभ असतो. योहानाच्या शुभवर्तमानात येशूने आपले मरण जवळ आले असता गव्हाच्या दाण्याचा हाच दृष्टान्त शिष्यांना दिला, असे सांगितले आहे. ख्रिस्ती धर्मातला सारा 'नवा जन्म' या एका दाण्यात आहे.

त्याच ग्रंथात नीकदेम नावाच्या एका प्रतिष्ठित यहुदी शास्त्र्याची गोष्ट येते. तो रात्रीच्या अंधारात येशूकडे आला. दिवसा येण्यात त्याची अब्रू गेली असती. पुन्हा जन्मले पाहिजे हे ऐकून तो गोंधळला. म्हाताऱ्या माणसाने पुन्हा आईच्या उदरात कसे शिरावे, असा त्याचा प्रश्न. हा प्रश्न हास्यास्पद नाही. ज्याच्याजवळ नाव आहे, मान आहे, पंगतीत पहिले पान आहे, त्याला पुन्हा काहीच नसलेले तान्हे मूल व्हा म्हणणे ही भयंकर मागणी आहे. पुढे पौलाने या कल्पनेला शास्त्राचे रूप दिले. पौल स्वतः आधी ख्रिस्ती मंडळींचा छळ करणारा. दमास्कसच्या वाटेवर त्याच्या जीवनाने कूस बदलली. त्याने बाप्तिस्म्याचा अर्थ सांगितला तो असा, की पाण्याखाली जाणे म्हणजे जुन्या माणसाचे दफन आणि पाण्याबाहेर येणे म्हणजे नव्या माणसाचे उठणे.

प्राचीन ख्रिस्ती मंडळी हा विधी खरोखरीच तसा करीत. ईस्टरच्या आदल्या रात्री प्रौढ स्त्रीपुरुष जुनी वस्त्रे उतरवून पाण्यात उतरत आणि बाहेर आल्यावर पांढरी वस्त्रे नेसत. त्या काळी या विधीला किंमत होती. पकडले गेल्यास प्राण जाण्याचा संभव होता. परंतु इसवी सन ३१३ मध्ये रोमच्या साम्राज्यात या धर्माला मोकळीक मिळाली, पुढे राजाश्रय मिळाला आणि जे पाऊल टाकायला छाती लागत होती ते पाऊल सोयीचे झाले. सम्राट कॉन्स्टंटाईन याने स्वतः बाप्तिस्मा घेतला तो इ. स. ३३७ मध्ये, मरणशय्येवर. म्हणजे नव्या जन्माची किंमत द्यायला काही उरले नव्हते तेव्हा. त्याच शतकात इजिप्तच्या वाळवंटात माणसे घरदार सोडून गुहांत राहू लागली. विधी स्वस्त झाला म्हणून त्यांनी मरणाची दुसरी वाट शोधली, असेच म्हटले पाहिजे. मनुष्याच्या इतिहासात हे सर्वत्र दिसते : आतली घटना आधी होते, तिचा विधी होतो, विधीचा दाखला होतो आणि शेवटी हातात फक्त दाखला राहतो.

आपल्याकडे ही कल्पना परकी नाही. मुंज झालेल्याला आपण 'द्विज' म्हणत आलो. द्विज म्हणजे दोनदा जन्मलेला. पण आपण त्या दुसऱ्या जन्मालाही पहिल्या जन्माची अट घातली! ज्या जातीत पहिला जन्म त्याच जातीच्या हिशोबाने दुसरा. संतांनी ही अट मोडली. तुकोबांनी आपले मरण आपणच पाहिल्याचे आनंदाने सांगितले, ते देहाचे मरण नव्हे. आणि आपल्या शेजारी घनसावंगी तालुक्यात जांब आहे. तेथे १६०८ साली जन्मलेला नारायण नावाचा मुलगा, आख्यायिकेप्रमाणे, लग्नाच्या मांडवात 'सावधान' हा शब्द ऐकून पळाला आणि पुढे रामदास झाला. जुना नारायण संपला. ही कथा आपण शेकडो वेळा ऐकली आहे. पण अंतरपाटाच्या पलीकडे उभ्या असलेल्या मुलीचे पुढे काय झाले, हे आपल्या कीर्तनांत क्वचितच ऐकू येते. श्रोतेहो, ही मुलगी आजच्या व्याख्यानात आपण विसरू नये. एकाच्या नव्या जन्माची किंमत पुष्कळदा दुसरा कोणी देत असतो.

आता दुसरा नारायण. येथून रेल्वेने तासाभराच्या अंतरावर जालना आहे. जालन्याजवळ 'बेथेल' नावाची वस्ती उभी राहिली. बेथेल हा हिब्रू शब्द. त्याचा अर्थ देवाचे घर. ती वसवणारा मनुष्य नारायण शेषाद्री, जन्माने ब्राह्मण. मुंबईस स्कॉटिश मिशनच्या शाळेत तो शिकला आणि १८४३ च्या सप्टेंबरात त्याने बाप्तिस्मा घेतला. ते वर्ष लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्याच वर्षीच्या मे महिन्यात स्कॉटलंडमध्ये साडेचारशेहून अधिक धर्मोपदेशकांनी, सरकार आणि जमीनदार यांनी चर्चच्या कारभारात हात घालू नये या एका मुद्द्यासाठी, पगार आणि राहती घरे सोडली होती आणि 'फ्री चर्च' स्थापन केले होते. मुंबईचे डॉक्टर विल्सन वगैरे स्कॉटिश मिशनरी त्या बाजूला गेले. मी संप पाहिलेला माणूस आहे. पगार सोडून बायकामुलांसह दाराबाहेर येणे म्हणजे काय, हे मला कळते. नारायण शेषाद्रीला जे लोक नव्या जन्माचा उपदेश करीत होते त्यांनी स्वतः त्याच वर्षी काहीतरी गमावले होते, ही गोष्ट माझ्या मते दुर्लक्षिण्यासारखी नाही.

परंतु त्या घटनेला दुसरी बाजू आहे. नारायणाचा धाकटा भाऊ श्रीपत, वय सुमारे बारा वर्षांचे, तोही मिशनरींकडे राहू लागला. बापाने न्यायालयात धाव घेतली आणि मुंबईच्या सुप्रीम कोर्टाने मुलगा बापाच्या ताब्यात दिला. मुलगा घरी आला. पण मिशनऱ्यांच्या घरी जेवलेला! त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावे की नाही, यावर मुंबईच्या ब्राह्मण समाजात रण माजले. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर यांनी त्याला शुद्ध करून घेण्याचा पक्ष धरला आणि त्यासाठी सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. एका भावाचा नवा जन्म झाला. दुसरा बारा वर्षांचा पोर मात्र दोन्ही घरांच्या उंबऱ्यामध्ये लोंबकळत राहिला. मांडवातली ती मुलगी मला येथे पुन्हा दिसते.

१८५४ साली नारायण शेषाद्री यांना धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली आणि पुढच्या दशकाच्या प्रारंभी ते जालन्यास आले. जालना तेव्हा निजामाच्या मुलखात, परंतु तेथे इंग्रजांची छावणी होती. त्यांच्या उपदेशाला प्रतिसाद मिळाला तो मुख्यतः मातंग समाजातून. धर्म बदललेल्या माणसांना गावात राहणे अवघड होते. तेव्हा शेषाद्रींनी हैदराबाद सरकारकडून जमीन मिळवली आणि बेथेल वसवले. पैसा जमवायला ते परदेशी फिरले. १८७३ साली न्यूयॉर्कला भरलेल्या प्रॉटेस्टंट मंडळींच्या मोठ्या परिषदेत हे पागोटेवाले मराठी गृहस्थ बोलले होते. १८९१ साली परदेशच्या प्रवासात, समुद्रावरच, त्यांचे देहावसान झाले.

येथे मी थोडा थांबतो, कारण माझी खरी अडचण येथे सुरू होते. शेषाद्रींचे 'स्वतःला मरणे' मला समजते. त्यांच्याजवळ मारण्यासारखा 'स्व' होता : जात, विद्या, पंगतीतला मान. तो त्यांनी मातीत घातला आणि ज्यांची सावली टाळावी असे त्यांना लहानपणी शिकवले गेले असेल त्यांच्या वस्तीत जाऊन राहिले. परंतु त्या मातंग कुटुंबांचे काय? ज्या माणसाला गावाने कधी 'मी' म्हणू दिले नाही, ज्याला नावाने कमी आणि जातीने अधिक हाक मारली, त्याला स्वतःला मर असे सांगायचे? माझे असे मत आहे, की बेथेलमध्ये जे घडले ते उलटे होते. तेथे पिढ्यान्‌पिढ्या मारून ठेवलेला 'मी' पहिल्यांदा उठून बसला. विहीर आपली, घर आपले, मूल शाळेत. एकच पाणी, पण त्या पाण्यात वरचा माणूस मरायला उतरला आणि खालचा माणूस जगायला. दोघांचाही तो नवा जन्मच. परंतु दोघांची वाट एक नव्हे.

हा भेद ज्याने ओळखला नाही त्याच्या हातात हा उपदेश हत्यार होतो. मालकाने मजुराला 'अहंकार सोड' म्हणावे, सासूने सुनेला 'मन मार' म्हणावे, सवर्णाने दलिताला 'देवाने ठेवले तसे राहा' म्हणावे, हे सगळे आपण ऐकलेले आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. त्या वेळच्या बावीस प्रतिज्ञांतही आपला नवा जन्म होत असल्याचे मानणारी प्रतिज्ञा आहे. तो जन्म नम्र होण्यासाठी नव्हता. ताठ उभे राहण्यासाठी होता. आणि आजही किंमत संपलेली नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीची सवलत प्रथम फक्त हिंदूंना होती. पुढे १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना ती मिळाली. ख्रिस्ती झालेल्या दलिताला ती मिळत नाही. देवळाची वाट बदलली म्हणून शिवाशिवीने पाठ सोडली असे होत नाही. सवलत मात्र सुटते. हा प्रश्न न्याय्य रीतीने सुटला पाहिजे, एवढेच मी येथे म्हणतो.

आता एका स्त्रीकडे वळू. पंडिता रमाबाई यांचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध पत्करून पत्नीला संस्कृत शिकवले आणि आईने मुलीला. दुष्काळात भटकता भटकता आईबाप आणि बहीण गेली. पुढे भाऊ गेला. १८८० मध्ये विवाह झाला आणि १८८२ मध्ये पतीही गेला. १८८३ साली ही तरुण विधवा मुलीला घेऊन इंग्लंडला गेली आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे तिने बाप्तिस्मा घेतला. पुण्यात हलकल्लोळ झाला. आमच्या लेखी तिचा 'नवा जन्म' त्या दिवशी झाला, आम्ही तिला मेलेली मानले तीही त्या दिवशी.

परंतु स्वतः रमाबाईंचा हिशोब निराळा आहे. १९०७ च्या आपल्या साक्षीत त्यांनी सांगितले आहे, की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. १८९१ च्या सुमारास हॅस्लम नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाचे पुस्तक त्यांच्या वाचनात आले. या गृहस्थाची गोष्ट मोठी चमत्कारिक आहे. अनेक वर्षे तो व्यासपीठावरून इतरांना उपदेश करीत होता आणि १८५१ साली एके रविवारी स्वतःचेच प्रवचन देता देता त्याला उमजले, की जे मी सांगतो आहे ते माझ्यात घडलेलेच नाही. व्यासपीठावरून बोलणाऱ्या प्रत्येकाने, त्यात मीही आलो, ही गोष्ट उशाशी ठेवावी. रमाबाईंनाही आपल्या बाबतीत तेच उमगले. विधी झाला होता, विद्या होती, कीर्ती होती, आपण सत्पक्षाला आहोत असा विश्वास होता. आणि या सर्वांखाली जुना 'मी' जिवंत होता.

मग तो 'मी' मेला म्हणजे काय झाले? रमाबाई गरीब गाय झाल्या काय? मुळीच नाही. वाँटेजच्या ज्या जोगिणी त्यांच्या आध्यात्मिक माता म्हणवीत, त्यांच्याशी रमाबाईंनी पत्रांतून अनेक वर्षे वाद घातला. एका पुरोहितशाहीचे जोखड मोठ्या कष्टाने टाकले आहे, आता दुसऱ्या पुरोहितशाहीचे मानेवर घेणार नाही, असा त्यांचा रोख होता. देवापुढे वाकलेली ती बाई बिशपापुढे वाकली नाही. हे मला फार मोलाचे वाटते. स्वतःला मरणे आणि दुसऱ्याच्या मुठीत जाणे या दोन गोष्टी एक नव्हेत. उलट ज्याचा मानपानाचा हव्यास मेला त्याला धाक घालणे अवघड होते, कारण त्याच्याकडून हिसकावून घ्यावे असे फारसे काही उरत नाही.

या व्याख्यानमालांची परंपरा १८७५ साली पुण्यात सुरू करणारे न्यायमूर्ती रानडे हे रमाबाईंच्या शारदासदनाचे सल्लागार होते. १८८९ साली मुंबईत निघालेले आणि पुढच्या वर्षी पुण्यास आलेले हे सदन विधवांच्या शिक्षणासाठी होते. मुली ख्रिस्ती धर्माकडे ओढल्या जातात या वादावरून १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांनी अंग काढून घेतले. येथे दोष एकाच बाजूचा होता असे मी म्हणणार नाही. विश्वासाने मुली पाठवणाऱ्या पालकांचाही काही अधिकार होता. पण १८९६–९७ चा दुष्काळ पडला तेव्हा रमाबाई मध्य प्रांतात स्वतः गेल्या आणि उपाशी, लुबाडल्या जाणाऱ्या शेकडो मुली उचलून घेऊन आल्या. त्यांच्यासाठी केडगावचे मुक्तिसदन वाढले. लहानपणी दुष्काळात जी मुलगी स्वतः मरणातून वाचली, तिच्यातून शेकडो मुलींचे जगणे उगवले. दाण्याचा दृष्टान्त मी याहून चांगला समजावून सांगू शकत नाही.

आणि आता तिसरा नारायण : नारायण वामन टिळक. आपल्या शाळेच्या पुस्तकांतून 'फुलामुलांचे कवी' म्हणून आपण त्यांना ओळखतो. जन्म १८६१, रत्नागिरी जिल्ह्यातला. बुद्धी तेजस्वी, स्वभाव लहरी, संताप जबर, हाती आलेला पैसा कोणालाही देऊन टाकणारे. १८९३ च्या सुमारास ते राजनांदगावला नोकरीसाठी आगगाडीने निघाले असता डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटला. त्याने त्यांना आदराने बसायला जागा दिली, गप्पा मारल्या आणि 'नवा करार' भेट दिला. त्या गृहस्थाचे नाव टिळकांना कधीच कळले नाही. पुढे १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. मात्र आपण ख्रिस्ताच्या पायांशी आलो ते तुकोबांच्या पुलावरून आलो, असे ते म्हणत आणि आयुष्याच्या शेवटापर्यंत त्यांनी भजन, अभंग, कीर्तन सोडले नाही. जुना माणूस मेला म्हणून त्याची भाषा मरावी लागत नाही, हे त्यांनी दाखवले.

पत्नी लक्ष्मीबाईंना ही बातमी मागाहून कळली. त्या तेव्हा सव्वीस वर्षांच्या. पदरात लहान मुलगा. नवरा जिवंत, पण त्याच्या हातचे पाणी चालत नाही. सवाष्ण म्हणावे तर संसार नाही, विधवा म्हणावे तर कुंकू आहे. अशी सुमारे पाच वर्षे त्यांनी काढली. त्यातला बराच काळ पंढरपुरात नातेवाइकांकडे. टिळकांनी जातपात सोडली, कीर्तीची पर्वा सोडली, हे सर्व खरे. परंतु त्या दिवशी मातीत गेलेला दाणा एकटा त्यांचा नव्हता. त्यांनी लक्ष्मीबाईंचे आयुष्यही मुठीत धरून पेरले आणि तिला विचारले नाही.

पण इतिहास येथे थांबला नाही. लक्ष्मीबाई पतीकडे आल्या. तरी सोवळे सांभाळीत, निराळे शिजवीत राहिल्या. नवऱ्याने सांगितले म्हणून त्या ख्रिस्ती झाल्या नाहीत. राहुरीच्या वाटेवर त्यांच्या मनात विचार आला, की या जाती देवाने केल्या की माणसांनी? आपल्याच मनाशी वाद घालून त्यांनी उत्तर काढले : माणसांनी. आणि येथून पुढे कोणाच्याही हातचे अन्नपाणी घ्यायचे असा निश्चय केला. कोणी उपदेशक जवळ नव्हता, पाणी शिंपडले नव्हते. बाप्तिस्मा पुढे, १९०० साली झाला. त्यांचा खरा नवा जन्म मी त्या वाटेवरचा धरतो. टिळकांच्या जन्माला एक पुस्तक लागले. या बाईंना स्वतःच्या मनाला विचारलेला एक सरळ प्रश्न पुरला, आणि त्याची किंमत त्यांनी दुसऱ्या कोणाच्या नव्हे, स्वतःच्या पदरातून दिली.

टिळकांचाही जन्म एकदाच झाला नाही. ते धर्मोपदेशक झाले, अहमदनगरला शिकवू लागले, 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचे संपादक झाले. मान होता, मिशनचा पगार होता. १९१७ साली, वयाची पंचावन्न वर्षे उलटल्यावर, त्यांनी तो पगार सोडला, संन्यस्त वृत्ती धरली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघेही बसू शकत. १८९५ साली त्यांनी हिंदू समाजातली आपली जागा सोडली होती. १९१७ साली ख्रिस्ती समाजातली सोडली. मला दुसरे सोडणे अधिक कठीण वाटते. परक्या घरातून निघून जाणे एक वेळ जमते. आपण निवडलेल्या, आपल्याला मान देणाऱ्या घरात जुना 'मी' नवे कपडे घालून गुपचूप मोठा होत असतो, तो पाहणे आणि त्याला पुन्हा मातीत घालणे फार अवघड. ९ मे १९१९ रोजी ते वारले. त्यांनी 'ख्रिस्तायन' काव्याचे थोडेच अध्याय लिहिले होते; पुढचे बहुतेक सर्व लक्ष्मीबाईंनी लिहिले. आणि १९३४ पासून त्यांची 'स्मृतिचित्रे' प्रसिद्ध होऊ लागली. त्या पुस्तकात पतीच्या मोठेपणाबरोबर त्याची फटफजितीही आहे; पण स्वतःची फजिती त्याहून अधिक आहे. ज्याला स्वतःला हसता येते त्याच्यातला 'मी' फार दिवस तग धरीत नाही. टिळकांचे पुष्कळ लिखाण मागे पडले. हे पुस्तक अजून घरोघर वाचतात.

आता माझी हकीकत. बरीच वर्षे झाली. या भागातल्या एका जिनिंग कारखान्यात आमचा संप चालू होता. रेचावर आणि गाठींवर काम करणारे हमाल, कापूस निवडणाऱ्या बाया. आठव्या दिवशी मालक मागितलेली वाढ द्यायला तयार झाला. अट एकच : समझोत्यावर सही दुसऱ्या संघटनेच्या नेत्याने करायची. मी नाही म्हटले. सभेत भाषण केले, तत्त्वाची बात सांगितली, टाळ्या पडल्या. संप एकोणिसाव्या दिवशी मिटला. दर तोच मिळाला. एका पैशाचा फरक नव्हता. फरक एवढाच, की सही माझी होती. गुलाल उधळला गेला. त्या गर्दीत कापूस निवडणारी एक म्हातारी जवळ आली आणि हळूच म्हणाली, "भाऊ, तुमचा शबूद राहिला. आमची चूल अकरा दिवस नाही राहिली."

त्या रात्री मला झोप लागली नाही. मी समजत होतो, की घरदार, बढती, सणवार सोडून मी चळवळीसाठी स्वतःला मारले आहे. खरे पाहता मी फक्त चाकरीतला 'मी' टाकून पुढारीपणाचा 'मी' पाळला होता आणि त्याला खायला घालत होत्या त्या बाया. पुढे वाचनालयात 'स्मृतिचित्रे' हाती आले, त्यातून टिळक, टिळकांतून रमाबाई, आणि शोधता शोधता आपल्या जालन्याचे शेषाद्री. मी धर्म बदलला नाही. मी फक्त पुढच्या समझोत्यावर सही करायला वस्तीतल्या एका हमालाला बसवले आणि स्वतः मागे उभा राहिलो. हात शिवशिवत होते, हे कबूल करतो. तेव्हापासून माझा नियम तोच आहे; तो पाळणे मात्र दर वेळी नव्याने कठीण जाते.

म्हणून या साऱ्या इतिहासातून मी तीन प्रश्न घेऊन निघालो आहे आणि ते आपल्यापुढे ठेवतो. कोणी म्हणाला, की माझा नवा जन्म झाला, मग तो धर्मातला असो, राजकारणातला असो की चळवळीतला, तर पहिला प्रश्न : त्याची किंमत कोणी दिली? त्याने की त्याच्या घरातल्या बाईने? दुसरा प्रश्न : 'स्वतःला मर' हे कोण कोणाला सांगतो आहे? वरचा खालच्याला सांगत असेल तर तो उपदेश नव्हे, तो जुलूम आहे. ते फक्त स्वतःला सांगायचे असते. आणि तिसरा : मातीत गेलेल्या दाण्यातून दुसऱ्यांच्या पोटाला काही आले काय? रमाबाईंच्या मुक्तिसदनात आले. बेथेलच्या विहिरीत आले. लक्ष्मीबाईंच्या पुस्तकात आले. जेथे काहीच आले नाही तेथे दाणा मेला नव्हता, किडला होता.

मृग तोंडावर आला आहे. आपल्यातले पुष्कळ जण आता बियाण्याच्या खटपटीला लागतील. बियाणे निवडताना सगळ्यात टपोरा दाणा आपण खाण्यासाठी ठेवीत नाही, पेरण्यासाठी ठेवतो, एवढे ध्यानात असू द्या.